सातशे हर्ट्झवर तायडेचा मेसेज

सोळा वर्षांपूर्वी माझं आणि नाईक प्रल्हाद तायडेचं पोस्टिंग लष्कराच्या एकाच सिग्नल डिटॅचमेंटवर झालं. मी हवालदार, अमरावतीचा, खाली बेसच्या वायरलेस सेटवर. तो मूर्तिजापूरचा, वर बर्फातल्या पोस्टवर. दर दोन तासांनी कॉल. हवा बिघडली की आवाज खरखरायचा, मग आम्ही मोर्सवर, लहान-लांब टोनांच्या अक्षरांवर, यायचो. मोर्समध्ये प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा असतो. तायडे लांब टोन जरा जास्तच लांबवायचा. मी झापायचो. "उस्ताद, वऱ्हाडी मानूस हाय, दमानं बोलतो," म्हणायचा.

गेल्या महिन्यात त्याची पत्नी, शोभावहिनी, घरी आल्या. त्या पंचायत समितीत नोकरी करतात, मुलगी अकोल्याला कॉलेजात आहे. चहा संपवून सरळ म्हणाल्या, "भाऊजी, त्याईचा शेवटचा मेसेज तुमी घेतला होता. मले आयकाचा हाय. जसा वाजला तसा."

मेसेज मला पाठ होता. अडचण दुसरीच होती. त्यातली एक गोष्ट मी त्यांना कधीच सांगितली नव्हती, आणि मेसेज खरा वाजवायचा तर ती सांगावी लागणार होती. मी रविवारी या म्हटलं. हातात चार दिवस होते.

टोनसाठी ऑसिलेटर, म्हणजे टोन काढणारं सर्किट, लागतो. राजापेठेतल्या दुकानात गेलो. ५५५ आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर, छोटा स्पीकर, नऊ व्होल्टची बॅटरी मागितली. दुकानदार म्हणाला, "काका, कावून मेहनत करता? मोबाईलात ॲप हाय ना." मी म्हटलं, "सामान दे." ॲप टोन काढतं, हात नाही काढत. मोर्स वाजवायची की घरीच केली: लाकडी फळी, पितळी पट्टी, दोन स्क्रू. पट्टी दाबली की बॅटरी जोडली जाते, कपॅसिटर भरतो, अर्धा रिकामा होतो, पुन्हा भरतो. सेकंदाला सातशेच्या आसपास वेळा. तेवढ्या वेळा स्पीकर हलतो आणि आपल्याला टोन ऐकू येतो. एवढंच आहे ते.

पहिल्या दिवशी मच्छर कानात शिरावा तसा आवाज निघाला. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "काय करून राहिले तुमी?" मी आयसी बदलला, सोल्डर पुन्हा केलं, दुकानदाराला मनात शिव्या घातल्या. मग भिंग लावून पाहिलं. कपॅसिटर १०४ चा हवा होता, मी १०३ चा, दहापट लहान, लावला होता. दोन्ही मीच मागून आणले होते. चूक माझी होती.

आता तो दिवस. दुपारी १५४० अवर्स. तायडेची की वाजली. "बर्फ तुटतोय," एवढं मिळालं, पुढे नुसती खरखर. आमचा नियम होता, अर्धा मेसेज साहेबांकडे न्यायचा नाही. मी रिपीट मागितला. त्यानं अख्खा मेसेज पुन्हा पाठवला, पहिल्यापेक्षा सावकाश. "बर्फ तुटतोय. पार्टी थांबवा." आठ जवान सामान घेऊन त्याच वाटेनं वर चढत होते. १५४२ला साहेबांचा हुकूम गेला.

"पार्टी, जिथे आहात तिथेच थांबा. ओव्हर."

"रॉजर. थांबलो."

तेवढ्यात बर्फ पोस्टवर आणि वाटेवर कोसळला. आठही जण वाचले. पोस्टवरचे बाकी चौघे खडकाआड पोचले होते. तायडे सेटजवळच सापडला. वहिनींना मी सांगितलं, मेसेज पाठवला आणि बर्फ आला. मी रिपीट मागितला, हे वगळलं. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

रविवारी अकरा वाजता वहिनी आल्या. मी टेबलाशी बसलो आणि पहिला मेसेज वाजवला, जिथे खरखर आली तिथपर्यंत. थांबलो.

"एवढाच?"

"नाही वहिनी. मले एवढाच समजला. मंग मी पुन्हा मागितला."

"त्याईनं देल्ला?"

"पूर्ण देल्ला. त्यातच वेळ गेला. नसता मागितला तर तो निघाला असता, कदाचित."

त्या माझ्याकडे वळल्या. "सोळा वर्षं कावून नाही सांगतलं?"

"हिंमत नव्हती."

"अन् त्या आठ जनाईचं?"

"मेसेज अर्धाच राहिला असता तर चढत वर आले असते. गेले असते."

मला वाटलं, उठून जातील. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून म्हणाल्या, "दुसरा वाजवा."

वाजवला. सगळा, त्याच्याच चालीनं. एकही अक्षर चुकलं नाही.

"तुमी काय म्हटलं मंग त्याईले?"

मी एक लहान, एक लांब, एक लहान दाबलं. "आर. म्हणजे मिळाला."

"हे आयकलं त्याईनं?"

"माहीत नाही, वहिनी. त्याच्याकडून पुढे काही आलं नाही."

त्यांनी माझा हात बाजूला केला, स्वतः पट्टीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "कसं? लहान, लांब, लहान?"