पुस्तकांना ऊन

आमच्या गावच्या वाचनालयाचा हिवाळा मार्गशीर्षात सुरू व्हायचा आणि संक्रांतीला संपायचा. एरवी तिथे दहा-पंधरा पुरुष तंबाखू चोळत वर्तमानपत्रं चाळत बसलेले असायचे, पण त्या महिना-सव्वा महिन्यात रोज काही ना काही असे. दवाखान्यातले डॉक्टर नारूवर बोलायचे, हेडमास्तर ग्रहणावर, मधूनच एखादं कीर्तन. बायकांना तिथे मज्जाव नव्हता असं सगळे सांगत. फक्त एकही बाई कधी गेली नव्हती.

हिवाळ्यातला सगळ्यांच्या आवडीचा कार्यक्रम शेवटी असायचा. त्याला ‘वर्षाचं वाचन’ म्हणत. पाडव्यापासूनची वर्तमानपत्रं महिन्याप्रमाणे गठ्ठे बांधून ठेवलेली असत. ते गठ्ठे सोडायचे आणि मोठ्या बातम्या पहिल्यापासून ओळीने मोठ्यांदा वाचायच्या. ज्यांना अक्षराची ओळख नव्हती असे सगळे त्या दिवसांत हजर. मेंढरं राखणारे यायचे, तेली यायचे, मागावर बसणारे तेलुगू साळी यायचे आणि सरलेलं वर्ष पुन्हा एकदा ऐकून जायचे. कुठे पूर आला, कुठल्या राजाला मुलगा झाला, सोलापूरच्या गिरण्या किती दिवस बंद राहिल्या, सगळं. हे वाचन आमचे हे करायचे.

हे म्हणजे माझे मालक. घरचं किराणा दुकान होतं, पण त्यांचा जीव वाचनालयात. ग्रंथपालाचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. आवाज असा खणखणीत की चावडीपाशी उभं राहून ऐकू यावं. मी करकंबची. लग्न होऊन सोलापूरच्या दक्षिणेला, मैंदर्गीच्या अलीकडच्या या गावात आले, तेव्हा सासरी निम्मं बोलणं कानडीत चालायचं आणि मी खुळ्यासारखी तोंडाकडे बघत राहायची. यांनीच मला कानडी शिकवलं आणि संध्याकाळी दिव्यापाशी बसवून अक्षरंही शिकवली. मी अडखळत वाचायला लागले तेव्हा सर्वांत जास्त राग आला तो माझ्या सासूला.

तिला सगळे अव्वा म्हणत, मीही म्हणायची. अव्वाच्या रागाला कारण लागत नसे, पण तिच्या भीतीला होतं. आधीच्या एका प्लेगात तिचे दोन थोरले मुलगे एकाच आठवड्यात गेले होते. उरला तो हा एकच. तेव्हापासून थंडी पडली की ती घरातल्या कोपऱ्याकोपऱ्यात वाकून बघायची, आढ्याकडे बघायची, रात्रीची कान देऊन पडायची. उंदरांची खुडबुड ऐकू आली की तिला बरं वाटायचं, कारण ते जिवंत होते. डॉक्टर, टोचणी, धूर यांतल्या कशावर तिचा विश्वास नव्हता. तिचा भरवसा एका उन्हावर. गावाबाहेरून आलेली प्रत्येक वस्तू ती अंगणात उन्हात टाकायची. यांचा रुमालसुद्धा सुटला नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षातच आडतीत उंदीर मरून पडले. आडतीला लागून भिंतीला भिंत वाचनालयाची खोली. आठ दिवसांच्या आत गाव रिकामं झालं. ज्याला जसं जमेल तसं त्याने माळावर कडब्याच्या नाहीतर तट्ट्यांच्या झोपड्या घातल्या. पंचमंडळींनी माळाच्या कडेला दगडांची ओळ मांडली आणि नियम केला, की गावातून जे येईल ते तीन दिवस दगडांच्या पलीकडे उन्हात पडेल, मगच आत. धान्याची पोती आणायचीच नाहीत. नियम कडक पाळला गेला. एका साळ्याने सुताची बाचकी आणली, ती परत गेली, आणि त्याच्याबरोबर त्याचं त्या हंगामाचं कामही गेलं. एका मेंढपाळाच्या बायकोची घोंगडी तीन रात्री दगडांपलीकडे पडली आणि तिचं पोर थंडीनं कुडकुडत राहिलं. तिनं पुष्कळ गयावया केली, पण अव्वा दगडांपाशी उभी राहून म्हणाली, “रडू दे त्याला. रडतंय तवर जितं हाय.”

अव्वा रोजच तिथे उभी असायची. पंचांनी नेमलेले राखणदार तिच्यापुढे फिके पडले. आम्हाला टोचायला सरकारी डॉक्टर आले तेव्हा मात्र ती कशी कोण जाणे तयार झाली. म्हणाली, ऊन तर हायच, हेबी आसू दे. मी टोचून घेतलं, तिनं घेतलं. हे म्हणाले, “टोचलं की दोन दिवस ताप भरतो, घसा बसतो. वर्षाचं वाचन झालं की घेतो.”

कारण वाचन होणारच होतं. वाचनालयाचे चिटणीस वकील होते. मोठे सज्जन, सावकाश बोलणारे, पण एका गोष्टीत हट्टी. हिवाळी सभांमध्ये आजवर खंड पडला नाही, यंदाही पडता कामा नये, हे त्यांनी माळावर आल्या आल्या जाहीर केलं. तट्टे आणि जुनी लुगडी जोडून मांडव उभा राहिला. दुपार कलली की तिथे सभा भरायची. डॉक्टर आले, हेडमास्तर आले, आणि एके दिवशी कीर्तनही झालं.

आणि खरं सांगायचं तर मला माझ्या आयुष्यात एवढं सुख क्वचित झालं असेल. माळावर भिंत नव्हती, उंबरा नव्हता. बायका आपापल्या चुलीपाशी बसल्या तरी सगळं ऐकू यायचं. दोन-चार दिवसांनी आम्ही चुली सोडून गाडीच्या आडोशाला येऊन बसू लागलो. कुणी काही बोललं नाही. भाकरीचं पीठ हाताला तसंच, आणि हेडमास्तर सांगतायत की चंद्रावर पाणी नाही. गावात मागे राहिलेल्यांपैकी दर दोन दिवसांनी कुणाचं तरी प्रेत निघत होतं, आणि मी मात्र दुपारची वाट बघायची. आज हे लिहिताना लाज वाटत नाही. त्या माळावर दुसरं काय होतं आमच्याजवळ?

मग वर्षाचं वाचन आलं, आणि गठ्ठे गावात वाचनालयाच्या खोलीत.

यांनी झोपडीत विषय काढला तेव्हा अव्वा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

“ब्याड मगा, नगं जाऊ पोरा,” ती म्हणाली. “तुजं भाऊ त्याच गल्लीत गेलं.”

“अव्वा, भर उन्हात जातो, गठ्ठे गाडीत टाकतो आणि येतो. घरात पाऊल टाकत नाही.”

“कागदं ती. पुडल्या सालाला वाच की.”

“पुढच्या सालाला पुढचं साल वाचायचं असतं,” हे हसत म्हणाले. “लोक वाट बघतायत. त्यांना दुसरं काय वाचून दाखवू?”

 अव्वा भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “आल्यावर आंग धू. कापडं उनात टाक. मी बगनार हाय.”

हे दुसऱ्या दिवशी दुपारी गेले आणि तासाभरात आले. अव्वा दगडांपाशी उभीच होती. तिच्या देखत त्यांनी कपडे उतरवून काट्यांवर वाळत घातले, कढत पाण्याने अंघोळ केली, नवं धोतर नेसले. गाडीचे बैलसुद्धा तिनं पलीकडेच सोडायला लावले. गाडीवरचं पांघरूण उन्हात पडलं, दोर उन्हात पडला.

आणि गठ्ठे सरळ आत आले.

कुणाच्या मनातच आलं नाही. पुस्तकाला पाय लागला तर आपण हात लावून डोळ्यांना लावतो, कागदावर पाय पडला तर जीभ चावतो. त्याला सुताच्या बाचक्यासारखं मातीत कोण पसरणार? चार जणांनी गठ्ठे डोक्यावरून आणले. वकिलांनी जोडे काढले. पंचमंडळी, ज्यांनी साळ्याला परत पाठवलं होतं, ती उठून उभी राहिली. आणि अव्वा, जी सुईसुद्धा उन्हात टाकायची, झोपडीत जाऊन विभूती घेऊन आली. तिनं एकेका गठ्ठ्याला तीन बोटं ओढली आणि वाकून नमस्कार केला. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या देवाला तिनं काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. त्याच्याकडे ती एकच मागणं मागायची.

वाचन सुरू झालं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. यांचा आवाज माळभर जायचा. मेंढपाळ काठीवर हनुवटी ठेवून ऐकत. मी गाडीच्या चाकाला टेकून बसायची आणि मला वाटायचं, हा माणूस माझा आहे. तसं मी त्यांना कधी म्हटलं नाही. आमच्यात म्हणत नसत.

भाद्रपदाचा गठ्ठा संपत आला आणि हे थांबले. पाणी मागितलं. डोळे लाल दिसत होते. उठताना पाय टेकवेना, दारुडा चालतो तसे झोपडीपर्यंत आले. जांघेत गाठ आली होती.

अव्वानं ती बघितली आणि ती खाली बसली. रडली नाही. फक्त विचारत राहिली, “कुटं हात लावलास? घरात गेलतास? खरं सांग मगा, घरात गेलतास?” हे मान हलवून नाही म्हणत होते. ती पुन्हा विचारी. तिनं तर सगळं उन्हात टाकलं होतं, एक वस्तू सोडली नव्हती. तिच्या हिशेबात हे बसतच नव्हतं.

ताप चढल्यावर त्यांनीच सांगितलं. सभेआधी एकट्यानं आषाढाचा गठ्ठा सोडला तेव्हा आत उंदराचं घरटं होतं, कागद कुरतडून केलेलं, आणि त्यात एक मेलेला. त्यांनी त्याला शेपटीला धरून मागच्या काट्यांत फेकून दिलं आणि कुणाला काही म्हटलं नाही. “सांगितलं असतं तर मांडव मोडला असता,” ते म्हणाले. “आषाढच आला होता अजून.”

अव्वाचा चेहरा त्या वेळी मी बघितला. बघायला नको होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे गेले. आमच्यात माती देतात. गावच्या जागेत न्यायला कुणी तयार होईना, म्हणून माळाच्याच टोकाला खड्डा केला. खांदा द्यायला चौघे मिळाले, त्यात तो साळी होता.

मांडवाकडे मग कुणी फिरकेना. गठ्ठे तिथेच पडून होते. पंचमंडळी लांबूनच जमली आणि मांडव गठ्ठ्यांसकट पेटवून द्यायचं ठरलं. वकील मान खाली घालून उभे होते. मलाही वाटलं, जळू देत. मी स्वतः काडी लावली असती.

अव्वा मांडवात शिरली. एकेक गठ्ठा ओढत तिनं दगडांपलीकडे नेला, दोऱ्या तोडल्या आणि कुरडया पसरतात तसे सगळे कागद मातीत पसरले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्या ओळीतलेच दगड उचलून त्यांवर ठेवले. वकील म्हणाले, “अव्वा, नका हात लावू. जळू द्या ते.”

“त्येनं आनलेत,” ती म्हणाली. “जाळू नगा. तवाच टाकाय पायजे हुते उनात. म्या हितं हुबी हुते की. म्या पाया पडले त्येंच्या.”

तीन दिवस ती त्या कागदांपाशी बसली. दुपारी काठीनं उलटवायची. नंतर तिनं ते पुन्हा बांधले. महिने मात्र उलटेपालटे झाले, कारण तिला वाचता येत नव्हतं. त्या वर्षाचं पुढचं वाचन कुणी केलं नाही. ती दिवाळी कुणाला ऐकायला मिळाली नाही.

संक्रांत गेली, गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला त्या साली गावातून कुणी गेलं नाही. उन्हं तापली तसे आम्ही घरी आलो. पाडव्याला वाचनालयाची सभा झाली आणि वकिलांनी अहवाल वाचला. यांच्याबद्दल दोन चांगली वाक्यं होती. त्याआधी एक वाक्य होतं, की प्रतिकूल परिस्थितीतही हिवाळी सभांमध्ये खंड पडू दिला नाही. मी दारात उभी होते. वकील वाईट नव्हते, पुढे त्यांनी आम्हाला खूप सांभाळलं. पण ते वाक्य मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

पुढच्या मार्गशीर्षात, सभा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, अव्वा वाचनालयात गेली. कुणाला विचारलं नाही. आत बसलेले पुरुष उठून बाजूला झाले. तिनं कपाटं उघडायला लावली आणि पुस्तकं, गठ्ठे, सगळं अंगणात आणून उन्हात मांडलं. त्यानंतर ती दर वर्षी जाऊ लागली. मी बरोबर असायची, आणि हळूहळू माझ्याबरोबर दुसऱ्या बायकाही. आता कार्यक्रमाच्या पत्रकात तो पहिला दिवस म्हणून छापतात. नवे लोक समजतात की कसर लागू नये म्हणून ही पद्धत पडली असावी.

अव्वा म्हातारी झाली, डोळे गेले, तरी ती अंगणात येऊन बसायची. एकेक पुस्तक मी तिच्या हातात द्यायची. ते सरळ आहे का उलटं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ती ते अंगापासून लांब धरायची, पानं खाली करून झटकायची, आणि मला विचारायची, “बग की, काय पडलं का?”