दोन धारा बघून घेतलेलं बॉल हेड

माझ्या बायकोच्या धाकट्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडणार नाही, आणि सापडलाच तर मामा आधी त्याची तपासणी करतील, मगच मान्य करतील. त्यांचा जन्म गेला दूध संस्थेत फॅट काढण्यात, म्हणजे दुधातली स्निग्धता मोजण्यात. समोरच्याने कितीही गोड हसून 'घरचं दूध हाय, मामा' म्हटलं, तरी नळीत घालून बघितल्याशिवाय मामांनी कधी कुणाच्या दुधाला दूध म्हटलं नाही. निवृत्तीनंतर नळ्या संस्थेत राहिल्या आणि सवय तेवढी घरी आली. नारळ घेताना कानाशी हलवून बघतात हे ठीक, मीही बघतो. पण मामांना मी छत्री, टोपी आणि एकदा तर फुकट मिळालेलं कॅलेंडर कानाशी हलवून घेताना पाहिलं आहे.

म्हैस विकत घेताना आमच्याकडे दोन धारा बघायची पद्धत आहे. संध्याकाळी मालक तिला चांगलंचुंगलं खायला घालून, पाठीवर हात फिरवून धार काढून दाखवतो. ती खरी कशी आहे हे कळतं दुसऱ्या दिवशी सकाळी. 'सांजंला समद्याच गुणाच्या असत्यात,' असं मामांचं म्हणणं. हा नियम त्यांनी आयुष्यातल्या प्रत्येक निवडीला लावला, आणि त्यात मीही सापडलो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी संध्याकाळी येऊन गेली. मी इस्त्रीचा शर्ट घालून, खालमानेने, परक्या आवाजात बोलून सगळ्यांना जिंकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजायच्या आत दार वाजलं. मी बनियनवर, हातात कप, चहात साखर कमी पडली म्हणून आईशी वाद घालत दार उघडलं, तर समोर मामा. 'चालू द्या पावणं, तुमचं चालू द्या,' म्हणत ते खुर्चीत बसले, आमचा वाद शेवटपर्यंत ऐकला आणि चहा न घेताच गेले. 'आवाज मोठा हाय, पन भांडून झाल्यावर कप सोता इसळला. द्या पोरगी,' असा निकाल त्यांनी घरी जाऊन दिला म्हणे. तेव्हापासून मी कप विसळतोच.

मामांचा एकच शौक, फोटो काढण्याचा. पन्हाळ्यावरचं धुकं, जोतिबाचा गुलाल, पाहुण्यांची बारशी, सगळं त्यांनी काढून ठेवलेलं. गेल्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वयाकडे बोट दाखवलं. मामांच्या फोटोंत मग सगळ्यांनाच दोन दोन नाकं येऊ लागली. 'मला एक फोटो पायजेल, जावईबापू,' ते मला म्हणाले. 'एकच. पन सुईगत स्वच्छ.' तो फोटो त्यांच्या थोरल्या भावाचा, आण्णांचा. वडील लवकर गेले, तेव्हा आण्णांनी स्वतःची शाळा सोडून म्हशी सांभाळल्या आणि मामांना शिकवलं. आता आण्णा ऐंशीच्या घरात, गोठ्यात उरली एकच म्हैस, हरणी. दिवाळी झाली की हरणी वारणानगरकडे भाच्याच्या गोठ्यात जाणार होती आणि आण्णा पुण्याला मुलाकडे. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, त्यात आण्णा यंदा शेवटचं चालणार होते. हरणीला घेऊन चाललेले आण्णा मामांना फोटोत हवे होते, आणि थरथरत्या हातांनी ते जमणार नव्हतं. म्हणून तिपाई आली, आणि तिपाईच्या डोक्यावर बसवायचं बॉल हेड निवडायला मामा गणपतीपासून लागले.

बॉल हेड म्हणजे वाटीत बसवलेला एक लोखंडी गोळा. त्यावर कॅमेरा बसतो. खटका सैल केला की हव्या त्या दिशेला वळवायचा, आवळला की जागच्या जागी. निदान विकणारा तसं सांगतो. राजारामपुरीतला दुकानदार बिचारा सज्जन माणूस. 'मामा, धा किलो वजन पेलतंय. खोक्यावर लिव्हलंय बगा.'

'खोक्यावर लिव्हायला काय जातंय? कॅनवर बी म्हशीचं दूध म्हणून लिव्हत्यात की.' मामांनी गोळा कानाशी हलवला. 'ह्यो आज सांजंला घिऊन जातो. उद्या सकाळी सांगतो.'

'दोन धारा बगायला ही काय म्हस हाय व्हय?'

'म्हस परवडली. तिनं मान टाकायच्या आदी डोळ्यात दिसतंय. ह्याला डोळंच न्हाईत.'

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. 'न्या,' तो शेवटी म्हणाला, 'पन वैरन तुमची.'

घरी परीक्षेचा थाट काय वर्णावा. मधल्या खोलीत तिपाई रोवली, त्यावर बॉल हेड, आणि मौल्यवान कॅमेऱ्याच्या जागी पाण्याने भरलेली दुधाची किटली तारेने आवळलेली. लांब नळीचं भिंग लावलं की कॅमेऱ्याचं नाक जड होतं, म्हणून किटलीही नाक पुढे करून बांधायची. किटलीला एक झाडूची काडी बांधलेली, तिचं टोक जिथे येईल तिथे भिंतीवर खडूची खूण. मग दिवेलागणीपासून सकाळपर्यंत त्या खोलीत कुणी जोरात चालायचं नाही, दार आपटायचं नाही, शिंक आली तर अंगणात जायचं. मामींना पूजेची फुलंसुद्धा मागच्या दाराने आणावी लागली. 'लग्नाआदी माझी बी एवढी परीक्षा घेटली न्हाई ह्यांनी,' त्या मला म्हणाल्या.

'तुजी आण्णानं घेटलती,' मामा खोलीतून बोलले. 'आण्णानं बगितल्यावर मी काय बगायचं?'

पहिल्या बॉल हेडने सकाळपर्यंत सपशेल मान टाकली; काडी खुणेखाली वीतभर उतरली होती आणि मामा मनातून खूश झालेले दिसले. दुसरं ढळलं नाही, पण आवळताना दर वेळी जरासं उसळायचं. 'धारंला बसलं की लाथ झाडणारी जात,' म्हणून तेही परत गेलं. तिसरं इतकं थोर होतं की त्यावर किटली ठेवायची की ट्रॅक्टर, असा प्रश्न पडावा; तेही परत. मधेच दुकानदाराने सुचवलं, 'मामा, एका पायाचा घ्या, मोनोपॉड. हलका, गर्दीत बरा.' मामांनी तोही दोन धारा बघितला. पण एका पायाच्या काठीला हात लावून धरावं लागतं, आणि मामांच्या हातातली थरथर काठीतून सरळ कॅमेऱ्यात चढली. त्या सकाळी त्यांनी काठी पुसून खोक्यात घातली आणि मला म्हणाले, 'तुमीच दिऊन या.'

नवरात्र गेलं, दसरा गेला. माझ्या स्कूटरला राजारामपुरीचा रस्ता पाठ झाला, आणि दुकानदार आम्हाला लांबून बघून हातातला चहा आत नेऊ लागला. अखेर दिवाळीच्या तोंडावर एक बॉल हेड मिळालं. दिसायला साधं, पण त्याला बाजूला एक छोटा स्क्रू. तो बेताने फिरवून ठेवला की मोठा खटका सैल असतानाही गोळा पडायचा नाही. ढकलला तर हळू वळायचा, सोडला तर तिथेच थांबायचा. सकाळी काडीचं टोक खुणेवर जसंच्या तसं. मामांनी खटका पूर्ण सैल केला, कापणारे दोन्ही हात हळूच बाजूला घेतले आणि बराच वेळ किटलीकडे बघत उभे राहिले. 'हात काढला तरी ऱ्हातंय की,' ते म्हणाले.

पाडव्याला मामांनी वळणावरची जागा दुपारीच धरली. मिरवणूक म्हणजे काय गोंधळ. सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली फडफडत पुढे आणि मालकाच्या हाकेसरशी मागे धावणाऱ्या म्हशी; शिंगं रंगवलेली, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ. तिपाईच्या पायांशी मी राखणदार. बटण दाबतानाही हात लागू नये म्हणून मामांनी कॅमेऱ्याला वायर लावून तिच्या टोकाचं बटण मुठीत धरलेलं. नेम वळणावर लावून गोळा आवळलेला. आण्णांना यातलं काही सांगितलं नव्हतं. 'सांगितलं की त्यो फोटोला उभारल्यागत ताठ हुतोय,' असं मामांचं मत होतं. आपला हात कापतो हेही त्यांनी आण्णांपासून लपवूनच ठेवलं होतं.

आणि आण्णा आले. मोटरसायकल नाही, काही नाही; गुलाबी फेटा बांधून पायी पायी, आणि मागे तुरेवाली हरणी, नव्या नवरीसारखी. आता चार पावलांत ते नेमात येणार, तेवढ्यात त्यांनी धाकट्याला बघितलं. त्यांची चाल बदलली. रस्ता सोडून, तिपाईला वळसा घालून ते सरळ कॅमेऱ्याच्या मागे आमच्याकडे आले, आणि हरणी त्यांच्या मागोमाग. 'आण्णा, तिकडं, तिकडं चाला,' मामा ओरडत होते. हरणीने तोवर मामांच्या डोक्यावरची टोपी तोंडात धरली होती. समोरचे लोक पोट धरून हसायला लागले.

आण्णांचं हसण्याकडे लक्ष नव्हतं. ते मामांच्या मुठीकडे बघत होते. 'हात का रं कापतोय तुजा? कवापास्नं?' असं म्हणून त्यांनी ती मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली, लहान पोराची धरावी तशी. मुठीत बटण होतं. कॅमेरा वाजला.

घरी येऊन फोटो मोठा करून बघितला. रिकामा रस्ता, आणि पलीकडे ओळीने उभी माणसं, इतकी स्वच्छ की एकाच्या शर्टाचं तुटलेलं बटणही दिसावं. बॉल हेड केसभरही ढळलं नव्हतं. आण्णा नाहीत, हरणी नाही. मामांकडे बघायचा मला धीर होईना.

ठरल्याप्रमाणे हरणी वारणानगरला गेली, आण्णा पुण्याला गेले. मी दोनदा म्हटलं, चला, तिपाई घेऊन पुण्याला जाऊ, आण्णांना खुर्चीत बसवून हवा तसा फोटो काढू. 'नगं,' मामा म्हणाले. 'तशा फोटोत त्यो एकटाच येनार.' रिकाम्या रस्त्याचा तो फोटो त्यांनी चौकट करून मधल्या खोलीत लावला आहे. नवा पाहुणा हमखास विचारतो, ह्यात कोण हाय? मग मामा उठतात आणि कापणारं बोट त्या हसणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवरून फिरवत नेतात. 'ही समदी कुणाकडं बगाय लागल्यात? आमच्याकडं. आण्णानं माजा हात धरलाय न्हवं.'