विलायती आबांची गाडी

दुसऱ्याची मोटार दिसली की आबा आधी तिच्या मडगार्डवर बोटाच्या पेराने टकटक करायचे. माठ घेताना वाजवून पाहतात तसे कान देऊन ऐकायचे आणि तोंड वाकडे करून निकाल द्यायचे, "पत्रा न्हाई ह्यो, पापड हाय." मालक शेजारी उभा असला तर जरा मोठ्यानेच द्यायचे.

चिंचवड गावठाणात आबांची चाळ होती. मी पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि त्यांचा भाडेकरू होतो. त्यांची स्वतःची गाडी इंग्रजी. देहूरोडच्या छावणीतला एक साहेब देश सोडून जाताना ती त्यांच्या गळ्यात मारून गेला होता. तेव्हापासून गाव त्यांना विलायती आबा म्हणू लागले आणि हा बावळट माणूस तो किताब समजून मिरवू लागला.

गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. चाळीत खोली घेणाऱ्याने ती नदीच्या उतारापर्यंत ढकलायची, असा तिथला रिवाजच होता. कामावर जायच्या घाईत आम्ही घामाघूम व्हायचो आणि आबा आत बसून जातिवंत जनावर कसे आढेवेढे घेते ते समजावायचे. दारांच्या कडा गंजून झडत होत्या. मी एकदा तसे बोललो, तर म्हणाले, "गंज न्हाई त्यो. इंग्रजी लोखंडाचा मूळ रंग बाहीर येतुया."

शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या सदूने देशी गाडी घेतली, तेव्हा आबांनी तिची इतकी थट्टा केली की सदूने बोलणेच सोडले.

मग एका दुपारी आक्कांच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या पोटात मरणाची कळ उठली. पुण्याच्या इस्पितळात न्यायला हवे होते. आम्ही त्यांना मागच्या सीटवर निजवून गाडी उतारापर्यंत ढकलली, पुन्हा वर आणली, पुन्हा ढकलली. ती हूं की चूं करेना. आक्का कण्हत होत्या. तेवढ्यात सदू न बोलावता आपली गाडी घेऊन आला. आबांचे बोट सवयीने तिच्या मडगार्डवर गेले. "ही वाटंत मोडंल," ते म्हणाले.

आक्का दार उघडून एकट्याच उतरल्या. पोट धरून म्हणाल्या, "साहेब गेला, पर गाडी टाकून गेला. का टाकून गेला, ते कंदी इचारलंत का?" आणि सदूच्या गाडीत बसल्या.

आबा बरोबर गेले नाहीत. एवढी किमती गाडी रस्त्यात कशी सोडायची, म्हणून ती आमच्याकडून घरी ढकलून आणवली आणि मग एसटीने गेले. तोवर आक्कांना ऑपरेशनला आत नेले होते. त्या वाचल्या. पण या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

आक्का त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मागच्या सीटवर गोवऱ्या रचल्या.

पुढे मला कंपनीची खोली मिळाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा आबा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. "सबंद पावसाळ्यात एक गोवरी भिजली न्हाई," ते म्हणाले. "देशी गाडीत ठिवून दावा."

चुलीसाठी गोवऱ्या न्यायला आक्का बाहेर आल्या. त्यांनी गाडीचे दार उघडलेच नाही. खाली वाकून, तळ गंजून पडलेल्या भोकातून जमिनीवर आलेल्या दोन गोवऱ्या उचलल्या आणि आत गेल्या.