जपानकडे बघणारे दिवे

मी कुडाळ सोडलं ते बाबांच्याच एसटीतून. बाबा एसटीत ड्रायव्हर. सकाळच्या मुंबई गाडीवर त्या दिवशी त्यांची ड्युटी नव्हती, ती त्यांनी कुणाच्या तरी हातापाया पडून मागून घेतली. मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले होते, मांडीवर चार वर्षांची सायली. आई स्टँडवर तोंडाला पदर लावून उभी राहिली आणि बाबांनी गिअर टाकला. कणकवली गेली, राजापूर गेलं, तरी बाबा आपले गप्प. मी दोनदा हाक मारली. त्यांनी समोरची नजर न काढता डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. चालकाशी बोलू नये. मुंबईत उतरल्यावर एवढंच म्हणाले, "चेडवा, पोचलंस की पत्र धाड," आणि गाडी डेपोत लावायला निघून गेले. रडू आवरायला महामंडळाचा नियम वापरणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तर हे सगळं लिहितेय ते तिकडे राहिलेल्यांसाठी, म्हणजे तुम्हाला कळावं की आम्ही इथे आखातात नुसते सेंट फवारून एसीत बसलेलो नसतो. आणि आमच्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही, कारण 'पासिंग', म्हणजे गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी, हा शब्द ऐकला की तुम्हीही देव आठवता हे मला माहीत आहे.

आमचा संसार शारजात, एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. आमचे हे अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कारखान्याने दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात जागा घेतली. आज तिकडे वस्ती आहे, झाडं आहेत. तेव्हा नाव तेवढं पार्क होतं, बाकी वाळू. मॅनेजरने सगळ्यांना उभं करून सांगून टाकलं की कंपनीची बस शारजाला येणार नाही. "बॅचलर के लिए कॅम्प में बेड है. फॅमिलीवाला गाडी ले लो, नहीं तो फॅमिली को इंडिया भेजो." महिनाअखेरपर्यंत मुदत. कंपनी उदार, म्हणून आमची दोघींची तिकिटंसुद्धा काढून ठेवली, त्याच महिन्याच्या शेवटच्या तारखेची.

म्हणजे गाडी आली तर आम्ही तिघं एका छपराखाली. नाही तर हे कामगारांच्या कॅम्पातल्या दुमजली खाटेवर, आणि मी नि सायली कुडाळला, वर्षातून एकदा येणाऱ्या बापाची वाट बघत. अशा बायका आमच्या गावात घराघरात होत्या. मला त्यांच्यातली एक व्हायचं नव्हतं. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, बैलगाडी आणा, पण आणा.

ह्यांनी रास अल खोरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून जी आणली ती बैलगाडीपेक्षा थोडीच बरी होती. पांढरी, जपानहून जहाजात बसून आलेली, चांगली वयस्कर. जपानात आपल्यासारखंच डाव्या हाताने चालतात, त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे. इथे ते चालत नाही. म्हणून कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये तिचं स्टिअरिंग, पेडल, सगळं उचलून डावीकडे बसवलं होतं. उजवीकडचं भोक एका काळ्या तुकड्याने बुजवलेलं. मला ती बघताक्षणी आपलीशी वाटली. मीसुद्धा अजून रस्ता ओलांडताना आधी उजवीकडेच बघत होते.

पासिंगशिवाय गाडीची नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय ती नुसती बिल्डिंगखाली उभी करून पुसायची वस्तू. तात्पुरती नंबर प्लेट लावून आम्ही तपासणीला नेली. सहकुटुंब. मी आदल्या आठवड्यात सीटना क्रोशाची कव्हरं विणून घातली होती, पिवळ्या फुलांची. तपासणीस गणवेशातला, उंच, शांत माणूस. तो घाईने काहीच करत नसे. त्याने गाडीला प्रदक्षिणा घातली, खाली वाकला, ब्रेक मशिनवर तपासले, मान हलवली. मग मागच्या सीटचे बेल्ट दाखवा म्हणाला.

बेल्ट माझ्या कव्हरांच्या आत. कोंबडीखालची अंडी चाचपावी तसे हे फुलांखाली हात घालून चाचपत राहिले. शेवटी एक बक्कल सापडलं, त्याला पिवळा दोरा गुंतलेला. कव्हरं सुंदर होती हे मी आजही म्हणेन.

पण खरी गोम पुढे होती. त्याने दिवे लावायला सांगितले, समोरच्या यंत्रात बघितलं आणि हसला. "हबीबी, स्टिअरिंग दुबई. लाइट जपान."

झालं होतं असं, की वर्कशॉपवाल्याने बाकी सगळं हलवलं, दिवे विसरला. ते अजून जपानच्याच रस्त्याची डावी कड शोधत होते, म्हणजे इथे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जात होते. वायपरही अजून त्या जुन्या ड्रायव्हरच्या समोरची काच मन लावून पुसत होते, पण इथे पाऊस पडतो कुठे म्हणून त्यावर त्याने डोळेझाक केली. दिव्यांवर मात्र नाही. फेल.

"डॅडी, इज आवर कार जॅपनीज ऑर व्हॉट?" सायलीने विचारलं. ती एव्हाना सात वर्षांची झाली होती आणि मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायची. ह्यांनी तिला गप्प बसवलं.

दिव्यांसाठी धावून आले इब्राहिमभाई. ते दापोलीकडचे, रास अल खोरला स्पेअर पार्टचं दुकान. घरी आले की माझ्या हातची सोलकढी पिताना डोळे मिटून घेत. ह्यांनी रडगाणं सांगितल्यावर म्हणाले, "सुधाकरशेट, अवो एवढा त्वांड कशाला पाडताव? जपानी माणूसच बदलायला सांगतलान नाय ना? बत्तीच बदलायची हाय. मिळंल, इन्शाल्ला." आणि चार दिवसांत, तसल्याच पण उजव्या रस्त्यासाठी बनवलेल्या गाडीचे दोन दिवे त्यांनी कुठल्याशा भंगारातून पैदा केले. ह्यांनी ते पेटीतून असे घरी आणले, जशी काही गणपतीची मूर्ती.

इथे बाबल कथेत शिरतो. बाबल ह्यांच्या गावचा, वाडीतलाच. इमारतींना पाइपांची परांची बांधायचं त्याचं काम, त्यामुळे हाताला दणका भारी. लग्न झालेलं, बायको गावी. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीला, आमच्याकडे बांगड्याच्या तिखल्यावर ताव मारायचा आणि निघताना दरवेळी म्हणायचा, "वैनी, आठवडो निघालो." आमची फॅमिली परत गेली तर त्याचे शुक्रवारही जाणार होते. म्हणून तोही हट्टाला पेटला. म्हणाला, देवाला गाऱ्हाणं न घालता गाडी नेलीत, फेल होणार नाही तर काय? ह्यावेळी मी येतो.

तो आला तो नारळ घेऊन. तपासणी केंद्राच्या बाहेर गाड्यांची रांग लागली होती. बाबल आमच्या गाडीपुढे उभा राहिला, चपला काढल्या आणि खणखणीत सुरू झाला. "बा देवा रवळनाथा, आज ह्या परमुलखात तुझी लेकरा गाडी घेवन हुबी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं. हे जरा हळू, इकडेतिकडे बघत.

"ह्या गाडयेचे दिवे डाव्या अंगाक बघी होते, ते उजव्या अंगाक बघूक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता मागच्या पिकअपमधला पठाण ड्रायव्हरही सामील. त्याच्या मागचे दोन मल्याळी.

"तपासणीवाल्या सायबाच्या पोटात माया घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी रांग. पठाणाचा आवाज सगळ्यांच्या वर. त्याची गाडीही तीनदा फेल झाली होती, त्याला कुठलाच देव वर्ज्य नव्हता.

त्या जयघोषाने बाबलला चेव चढला. त्याने नारळ ओवाळला आणि पुढच्या चाकाजवळ असा काही आपटला की एक भकल उडालं आणि थेट उजव्या दिव्यावर बसलं. काच खळकन गेली. मग बाबल गंभीरपणे म्हणाला, "देवान कौल दिल्यान."

"कौल ऱ्हवांदे मेल्या, दिवो फुटलो!" हे इतक्या जोरात ओरडले की तपासणीस बाहेर आला. त्याने फुटका दिवा बघितला, बॉनेटवरचे खोबऱ्याचे तुकडे बघितले. म्हणाला, "हबीबी, ब्रेकफास्ट इन्साइड होम." दुसऱ्यांदा फेल. खोबरं मात्र पठाणाने सगळ्यांना वाटलं.

इब्राहिमभाईंना तसला दुसरा दिवा शोधायला उरलेले सगळे दिवस लागले. तो मिळाला तो शेवटच्या तारखेला सकाळी. दुपारी तपासणी, रात्रीचं आमचं विमान. मी तोवर फ्लॅट आवरून बसले होते. भांडी शेजारी देऊन टाकली, कव्हरंसुद्धा काढून घडी घालून ठेवली. बाबांना फोन झाला होता, आम्ही येतोय म्हणून. ह्यांचा हिशेब साधा होता. गाडी फेल झाली तर तिथूनच टॅक्सी करून एअरपोर्ट, तेव्हा बॅगा बरोबरच न्यायच्या. आता रिकाम्या हाताने गावी कोण जातं? दुधाच्या पावडरचे डबे, साबणाच्या वड्या, बदाम, दोन जाडजूड ब्लँकेटं, आईला इस्त्री, बाबांना टॉर्च. डिकी बंद करायला बाबलला तिच्यावर बसावं लागलं.

दुपारी आम्ही पुन्हा त्याच रांगेत. बाबलने नारळ आणला नव्हता, नुसते ओठ हलत होते. तपासणीसाने आम्हाला ओळखलं, दोन्ही दिवे शाबूत आहेत हे आधी लांबूनच बघून घेतलं. बेल्ट, ब्रेक, टायर, सगळं ठीक. मग दिवे लावले. यंत्रात बघितलं, पुन्हा बघितलं. मान हलवली.

"फर्स्ट टाइम जपान," तो म्हणाला, "टुडे चाँद."

दिवे आभाळात जात होते. ह्यांनी तर तोंड फिरवलं. मी सायलीचा हात इतका घट्ट धरला की ती "आई, यू आर हर्टिंग मी" म्हणाली. गेलं, मी मनात म्हटलं, आता कॅम्पातली खाट आणि वर्षातून एक महिना.

तपासणीस मात्र मागे गेला आणि डिकी उघडायला लावली. उघडताच एक ब्लँकेट बाहेर आलं. गाडी मागून बुडाशी बसली होती, म्हणून पुढून नाक वर. त्याने डब्यांकडे बघितलं, इस्त्रीकडे बघितलं, आणि ह्यांना विचारलं, "किधर जाता?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "साब, पास हुआ तो घर. फेल हुआ तो एअरपोर्ट."

त्याने सायलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हात झटकत म्हणाला, "यल्ला, यल्ला! सामान नीचे!"

बाबलने एकेक बॅग काढून फुटपाथवर ठेवली. दर बॅगेसरशी गाडी इंचाइंचाने वर उठत होती आणि दिवे खाली येत होते. शेवटची बॅग खाली ठेवली, सायली तिच्यावर जाऊन बसली, आणि यंत्रातला उजेड बरोबर रस्त्यावर आला.

"खलास," तो म्हणाला. "पास."

बाबल रडला. मी नाही, मी हसत सुटले होते. हे तपासणीसाचा हात सोडेनात. पुढे त्या गाडीने आम्हाला कितीतरी वर्षं साथ दिली. सायली त्याच मागच्या सीटवर मोठी झाली, कव्हरांवर, आणि बेल्ट कव्हरांच्या बाहेर. बाबलचे शुक्रवार चालू राहिले. आता इब्राहिमभाई दापोलीला बंगला बांधून आरामात आहेत आणि आम्हीच अजून इथे, दरवर्षी पासिंगच्या आदल्या रात्री झोप उडालेले.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. नोंदणी झाल्या झाल्या मी तिथल्याच बूथवरून कुडाळला फोन लावला. आनंदाने ओरडूनच सांगितलं, "बाबा, गाडी पास झाली! आम्ही येत नाही!"

तिकडून बाबांचा आवाज आला, "बरा झाला." आणि लगेच, "ब्रेक नीट बघितल्यानी मां?"

"हो बाबा. मशिनवर बघितले."

"मगे जावयांका सावकाश चलवूक सांग," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला. मी हसता हसता त्या बूथमध्ये खाली बसले आणि हमसून रडले. शारजातलं घर वाचलं म्हणून मी ओरडले होते. कुडाळला कुणीतरी दारात उभं आहे हे ओरडताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मला विचाराल तर मला दोन घरं आहेत, आणि एकात राहायचं तर दुसऱ्याला नाही म्हणावं लागतं, दरवर्षी, नव्याने. ह्याची सवय होत नाही. पुढच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आईने मला मागच्या दारी नेऊन सांगितलं. आम्ही येणार हे कळलं त्याच दिवशी बाबांनी गावच्या शाळेत सायलीचं नाव घातलं होतं. आम्ही येणार नाही हे कळल्यावर मास्तरांनी दोनदा निरोप पाठवला, पण नाव कमी करायला बाबा वर्षभर गेले नाहीत.