लंडन पाच धुळं

जळगावात मेहरूणला आमच्या शेजारी एक निवृत्त एसटी कंडक्टर राहतात. सगळी नोकरी जळगाव-धुळे फेरीत गेली, त्यामुळे वेळेचं त्यांचं माप एकच, धुळं. दोन तास म्हणजे एक धुळं. डाळ शिजायला पाव धुळं. "मुंबई-दिल्ली विमान? फक्त एक धुळं!" हे ते अशा थाटात सांगतात, जणू डबल बेल मारून विमान त्यांनीच सोडलं.

गेल्या महिन्यात त्यांची लेक पहिल्यांदाच विमानात बसली, तीही एकटी. मुंबईहून लंडनला, नवऱ्याकडे. दहा तास. "पाच धुळं," ते म्हणाले, पण या वेळी थाट नव्हता.

त्या दिवशी दुपारी मी धुळ्याच्या बसमध्ये चढलो, तर हे खिडकीपाशी, हातात फोन.

"नाना, इकडे कुठे?"

"पोर हवामा शे भाऊ, मी घरमा कसा बसू? सकायपासून तिसरी फेरी शे."

पारोळ्याजवळ गतिरोधकावर बस उडाली. नानांनी पुढचा दांडा घट्ट धरला. "तिले बी आसाच धक्का बसना व्हई."

संध्याकाळी काम उरकून मी धुळ्याच्या स्टँडवर आलो, तेव्हा नाना पाचव्या फेरीतून उतरत होते. जमिनीला पाय लागतो न लागतो तोच फोन वाजला.

"नाना, पोचले! तुम्ही घरीच ना?"

नानांनी डोळे पुसले, मग स्टँडवर नजर फिरवली.

"मी बी आत्तेच उतरनू बेटा. पण घर आजून एक धुळं दूर शे."