टॅगवरचं नाव

"हा टॅग तुमच्याच वर्कशॉपचा ना?" HR च्या मॅडमनी विचारलं.

टेबलावर बोटभर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी ठेवली होती. तिच्यावर पंच ठोकून उमटवलेली अक्षरं मी लांबूनच ओळखली. वर्कशॉपचा कोड, प्रेशर, तारीख आणि शेवटी नाव, बालाजी.

"होय, आमचाच," मी म्हणालो.

टेबलाच्या पलीकडे मॅडम आणि सिक्युरिटीचे एक अधिकारी बसले होते. अलीकडे मी आणि माझा टेक्निशियन बालाजी. कोपऱ्यातल्या खुर्चीत डिपार्टमेंट हेड म्हणून मिलिंद सर होते. त्या पट्टीची सगळी कथा त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होती, मला आणि मिलिंद सरांना. नोकरी मात्र तिसऱ्याची जाणार होती.

आधी माझं काम सांगतो. कतारमध्ये मेसईदला एका प्लांटमध्ये मी व्हॉल्व्ह वर्कशॉपचा सुपरवायझर आहे. आमच्याकडे मुख्यतः रिलीफ व्हॉल्व्ह येतात. टाकीतलं किंवा पाइपातलं प्रेशर हद्दीबाहेर गेलं की हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि स्फोट टळतो. घरच्या कुकरची शिट्टी तेच करते. प्रत्येक कामाचं जॉब कार्ड, म्हणजे नोंदपत्र, उघडून आम्ही व्हॉल्व्ह खोलतो, साफ करतो, रबरं बदलतो, टेस्ट बेंचवर किती प्रेशरला उघडतो ते पाहतो आणि त्यावर टॅग बांधतो. टॅगवर काम करणाऱ्याचं नाव असतं. उद्या काही झालं तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून.

टॅगशिवाय व्हॉल्व्ह दाराबाहेर जाता कामा नये, हा नियम माझा. नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी तो बजावतो. एकदा बालाजीने घाईत टॅग न बांधता व्हॉल्व्ह पाठवला, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. "नाव टाकायची लाज वाटते का रे?" असं म्हणालो होतो. त्यानंतर तो कधी चुकला नाही.

बालाजी उदगीरकडचा. चाळिशी उलटलेला, बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहणारा, अकरा वर्षं घरापासून लांब. हात असा की गंजून बसलेला बोल्ट त्याच्यासमोर मुकाट्याने सुटायचा. त्या डिसेंबरात त्याची बायको आणि मुलगी पहिल्यांदाच कतारला येणार होत्या, पंधरा दिवसांसाठी. कॅम्पात कुटुंबाला ठेवता येत नाही, म्हणून तिघंही अल वक्रा गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहणार होते. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, एक खोली रिकामी करून ठेवली होती. माझी लेक तर रोज विचारायची, "बाबा, डज शी लाइक द सी?" बालाजीच्या मुलीने समुद्र पाहिलेलाच नव्हता.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी मिलिंद सर वर्कशॉपमध्ये आले. पुण्याचे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, हुशार आणि गोड बोलणारे. हातात कापडी पिशवी होती.

"खैरनार, एक छोटंसं काम होतं. घरच्या सोडा मशीनचं आहे. लीक होतंय. बघता का जरा?"

पिशवीत पत्र्याच्या उंच डब्याची दोन झाकणं होती आणि चार फिटिंग. फिटिंग म्हणजे डब्याच्या माथ्यावरची स्टीलची बोंडं. एकातून गॅस आत सोडायचा, दुसऱ्यातून पेय बाहेर घ्यायचं. बोंडाच्या आत स्प्रिंगवर बसलेला छोटा व्हॉल्व्ह असतो आणि बाहेरून रबरी रिंग. झाकणावर रिलीफ व्हॉल्व्ह.

मी एक बोंड नाकाशी नेलं आणि समजलो. सोड्याला वास नसतो. ह्याला आंबलेल्या पिठाचा वास होता आणि आत पिवळट, चिवट थर होता. घरी बीअर करणारे लोक असे डबे वापरतात, हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. इथे परवान्याच्या हॉटेलात बसून प्यायला हरकत नाही, पण घरी दारू गाळणं म्हणजे सरळ गुन्हा. सापडला तर खलास.

"सर, हे सोड्याचं..." मी एवढंच म्हणालो.

"सोड्याचंच आहे," ते हसत म्हणाले. "आणि जॉब कार्ड वगैरे नको हं. पर्सनल आहे."

मी नाही म्हणू शकलो असतो. माझं अप्रेझल महिन्यावर आलं होतं, हे खरं कारण. बाकी कारणं मी नंतर शोधली. मी पिशवी घेतली आणि बालाजीच्या बेंचवर नेऊन ठेवली. स्वतः हात लावायचीही हिंमत झाली नाही.

"हे माझं खासगी काम आहे," मी त्याला म्हणालो. "जेवणाच्या सुट्टीत करून टाक." साहेबांचं नाव बाहेर पडू नये म्हणून 'माझं' म्हणालो.

बालाजीने बोंड खोललं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, ह्याचा वास येगळाच येलालाय."

"तू साफ कर ना."

"करतो की. पर हे खान्यापिन्याचं हाय न्हवं? मग आपलं नेहमीचं ग्रीस चालायचं न्हाई. कुनीतरी तसलंच फासलंय, त्यानंच रबर फुगलंय बगा."

त्याने चारही बोंडं सुटी केली. आतले व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकले. अर्ध्या तासाने मऊ ब्रशने थर काढला. तरीही खडूसारखा एक पापुद्रा चिकटून राहिला, तो सौम्य ॲसिडने सोडवला आणि तीनदा साध्या पाण्याने धुतलं. जुन्या रिंगा फेकून मापाच्या नव्या बसवल्या. पिण्याच्या पाण्याच्या लाइनसाठी आम्ही वेगळं सिलिकॉन ग्रीस ठेवतो, ते नखभर घेऊन बोटाने फिरवलं. गॅसच्या बोंडाच्या कडेला बारीक खाच असते. मालकाने गॅसचं आणि पेयाचं बोंड उलटसुलट बसवलं होतं, हेही त्याच्या लक्षात आलं. मग फिटिंगला हवा लावून साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही.

झाकणावरचा रिलीफ व्हॉल्व्ह त्याने शेवटी घेतला. तो बेंचवर उघडेचना. आतल्या चिकट्याने पार बसला होता.

"शिट्टीच बसलीय, साहेब. डबा फुटून कुनाचं तरी त्वांड फुटलं असतं."

त्याने दोन्ही रिलीफ व्हॉल्व्ह मोकळे केले, बेंचवर तीन-तीनदा उघडून पाहिले. मी तेव्हा ऑफिसात मेल लिहीत होतो. परत आलो तेव्हा पिशवी बांधून तयार होती. मी ती उघडून पाहिली नाही. तशीच मिलिंद सरांच्या गाडीत ठेवून आलो.

रविवारी ते भेटले. "क्या बात है खैरनार, टॅगसकट! आमच्या ग्रुपमध्ये भाव वाढला." बालाजीने नियमाप्रमाणे टॅगही बांधला होता. "सर, तो तेवढा काढून टाका," मी म्हणालो. "हो, हो," ते म्हणाले.

त्यांनी तो काढला नाही. पाहुण्यांना दाखवायला गंमत होती ना.

मिलिंद सर अबू हमूरला कंपनीने घेतलेल्या कंपाउंडमध्ये, म्हणजे व्हिलांच्या वसाहतीत, राहायचे. तिथे स्विमिंग पूलमागे सगळ्यांसाठी एक सामायिक स्टोअररूम होती. जुन्या सायकली, खोकी, कोणाचं काय ते कोणालाच ठाऊक नाही. नोव्हेंबरात तिथल्या एसीचं पाणी गळायला लागलं. मेन्टेनन्सच्या लोकांनी खोकी हलवली तर मागे दोन डबे, भरलेले. त्यांच्यावर व्हिला नंबर नव्हता, मालकाचं नाव नव्हतं. एका झाकणावर एक टॅग होता, व्यवस्थित तारेने बांधलेला.

कंपनीला प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून ही मीटिंग.

मॅडम केरळच्या होत्या, माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या, पण त्यांना हिंदीही यायची. त्यांनी बालाजीलाच विचारलं, "ये काम आपको किसने दिया?"

बालाजीने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे क्षणभरच. त्या क्षणात मी बोलायला हवं होतं. मी टेबलावरच्या पट्टीकडे बघत राहिलो. मिलिंद सर मोबाइल उलटा करून पुन्हा सुलटा करत होते.

"किसी ने नहीं, मॅडम," बालाजी म्हणाला. "मैं ही लाया था. कॅम्प का एक आदमी दिया. वो अपने मुल्क चला गया."

"और ये अबू हमूर में कैसे पहुँचा?"

"मालूम नहीं, मॅडम."

मॅडमना ते पटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मिस्टर खैरनार, तुम्हाला याची कल्पना होती?"

"जॉब कार्ड उघडलेलं नव्हतं," मी म्हणालो. ह्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

मिलिंद सरांनी घसा साफ केला. "माणूस चांगला आहे. कामाला उत्तम. पण पॉलिसी इज पॉलिसी." एवढंच त्यांचं योगदान.

चार दिवसांत बालाजीचं परतीचं तिकीट निघालं. बायको-मुलीचं रद्द झालं. घरी सुनंदाने विचारलं, "असं काय केलं हो त्याने?" मी म्हणालो, कंपनीचा मामला आहे. तिने खोलीतली नवी चादर घडी करून कपाटात ठेवली. तिला काही माहीत नव्हतं. तरी मला वाटत राहिलं की तिला कळलंय.

त्याला निरोप द्यायला मी कॅम्पवर गेलो. गेटबाहेर गाडी उभी होती. त्याच्याजवळ एक बॅग होती आणि खजुराचं एक खोकं, पोरीसाठी घेतलेलं. मी रस्ताभर ठरवत आलो होतो की ह्याला खरं सांगायचं. ते डबे माझे नव्हते, मिलिंद सरांचे होते, हे एकच वाक्य.

"बालाजी, ते त्या दिवशीचं..." मी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या, साहेब." त्याने हात जोडले. आवाज एकदम खाली आणला, जवळ ड्रायव्हर होता म्हणून. "तुमी आमच्या घरच्यांना तुमच्या घरात जागा देनार व्हता. तुमचं नाव म्या कसं घेनार? फकस्त एक मानता का?"

"बोल."

"ते पिनं तेवढं सोडा आता. वहिनी लई चांगल्या हायेत."

मी आयुष्यात कधी दारूला शिवलेलो नाही. हे त्याला सांगायला माझं तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर एवढं सोसून त्याने कोणाला वाचवलं, हेही सांगावं लागलं असतं. आणि तो माणूस कोणी परका नाही, त्याच्याच डिपार्टमेंटचा हेड होता. मी मान हलवली. "सोडतो," म्हणालो. त्याला बरं वाटलं. गाडी गेली.

पुढे मी वर्कशॉपच्या टॅगचा नमुना बदलायचा प्रस्ताव दिला. काम करणाऱ्याच्या नावाखाली आणखी एक ओळ, काम देणाऱ्याचं नाव. मिलिंद सरांनी तो वाचला, "गुड इम्प्रूव्हमेंट" म्हणून सही केली आणि पुढच्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलमध्ये त्याची नोंदही केली. नव्या टेक्निशियनला मी आता बजावतो की दोन्ही ओळी भरल्याशिवाय काहीही दाराबाहेर सोडायचं नाही, मग काम कोणाचंही असो.

व्हॉल्व्हच्या धंद्यात एवढं कळलं की प्रेशर जिथून येतं तिथे काही होत नाही, सगळ्यात छोटा भाग असतो तिथे फुटतं. कळून उपयोग किती झाला, ते वेगळं. हे लिहून झाल्यावर मी पुन्हा एकदा वाचून काढलं. मिलिंद सरांचं नाव मी पहिल्या ओळीपासून बदलून लिहिलंय, त्यांना त्रास नको म्हणून. बालाजीचं बदलायचं मला सुचलंच नव्हतं.