शेजारच्या आजोबांची उडी

२० ऑक्टोबर, रविवार. टेकडीवरच्या माहितीफलकाचा मजकूर आज संपवायचा होता. सोमवारी सकाळी तो छापायला द्यायचा. हे काम माझ्याकडे आलं, कारण वाचनालयाच्या बैठकीत मी जुन्या फलकातल्या तीन चुका दाखवल्या. चुका दाखवणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं, हे मला या वयात कळायला हवं होतं.

मिशिगनमधल्या आमच्या गावामागे ही टेकडी आहे. पूर्वी तिच्यावर लाकडी मनोरा होता. त्यावरून माणसं स्कीवर सुसाट घसरत यायची, टोकाशी हवेत झेपावायची आणि खालच्या उतारावर टेकायची. आता काँक्रीटचे चार चौथरे उरलेत आणि रान माजलंय.

शेजारचे आजोबा तिथे उडी मारणाऱ्यांपैकी शेवटचे, असं सगळं गाव म्हणतं. फलकावरच्या उडी मारणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव घालून मी कागद दाखवायला गेले. जाताना दोन थालीपिठं नेली. त्यांनी आधी थालीपीठ संपवलं, मग कागद वाचला.

"माझं नाव काढ."

"का? सगळ्यात वर हवंय?"

"मी मनोऱ्यावर एकदाच चढलो. खाली आलो ते शिडीने."

मी कागद परत घेतला. ते पुढे म्हणाले,

"लग्नाआधी बायकोवर छाप पाडायला थाप मारली. तिने ती गावभर केली. आता नातवंडं फलक बघायला येणार. नाव असलं तर खोटं, नसलं तर विचारतील."

"मग टेकडीवर तुम्ही करायचात काय?"

"बर्फ तुडवायचो. स्की आडव्या ठेवून, एकेक पाऊल, अख्खा उतार. बर्फ भुसभुशीत राहिला तर उतरणाऱ्याचा पाय मोडतो."

"किती मोडले?"

"मी तुडवलेल्या उतारावर? एकही नाही." हे मात्र त्यांनी ताठ बसून सांगितलं. मग म्हणाले, "मुलीला आजच फोन करून सांगतो. फलकावर वाचण्यापेक्षा बरं."

जुन्या कात्रणांत उड्या मारणारे सगळे होते, तुडवणारा एकही नव्हता. मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. आजोबांचं नाव आता बर्फ तुडवणाऱ्यांत घालणार, असं घरी माझ्या मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, दॅट्स अ डिमोशन."

"या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ तू काढ. मग बोलू."

२१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी मी यादीतून त्यांचं नाव काढलं, खाली 'उतार तुडवणारे' असा मथळा घातला आणि तिथे ते लिहिलं. एकटंच फार केविलवाणं दिसत होतं. म्हणून त्यांच्या दारात जाऊन विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कोण असायचं? त्यांनी न अडखळता सात नावं सांगितली. ती उतरवून घेतली आणि छापणाऱ्याला फोन करून फलक वीतभर मोठा करायला सांगितला.